पुनर्वसन-वैद्यक : पदव्युत्तर शिक्षण आणि अध्यापनाची वाट

झाडावरून पडून मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया होते, टाके सुकतात आणि काही दिवसांनी त्याला घरी पाठविले जाते. पाय मात्र हलत नाहीत. लघवीवर ताबा राहत नाही. खाटेवर कूस कशी व किती वेळाने बदलावयाची, हे घरच्यांना कोणी शिकविलेले नसते. परिणामी थोड्याच दिवसांत शय्याव्रण होतात. जीव वाचला, पण पुढे काय? या प्रश्नाचा विचार करणारी वैद्यकशाखा म्हणजे भौतिक चिकित्सा व पुनर्वसन.

ही शाखा म्हणजे फिजिओथेरपी, असा समज सार्वत्रिक आहे. तो बरोबर नाही. या शाखेचा तज्ज्ञ एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम पूर्ण करतो. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाचा-उपचार आणि कृत्रिम अवयव तयार करणारे तंत्रज्ञ यांच्या कामाचा मेळ घालणे, ही त्याची जबाबदारी असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. गरज अशी विस्तारली. तज्ज्ञ मात्र थोडे, आणि तज्ज्ञ घडविणारे शिक्षक त्याहून थोडे आहेत. म्हणूनच अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरने निवासी पदासाठी संस्था कोणती निवडावी, हा प्रश्न केवळ त्याच्या घरचा राहत नाही.

आपल्या राज्यात या संदर्भात पहिले नाव निघते ते मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचे. ती १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सुरू झाली. दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा मोठी आहे. तेथील डॉ. मेरी वर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली पंगू झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसन-वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि परतून वेल्लोरचा विभाग उभा केला. १९६६ मध्ये तेथे रुग्णांना ठेवून घेणारी स्वतंत्र पुनर्वसन संस्था सुरू झाली.

नाव मोठे असले म्हणजे शिक्षण चांगले मिळेलच असे नाही, हे उमेदवाराने ध्यानी ठेवावे. प्रवेश नीट-पीजीच्या गुणवत्ताक्रमाने होतो. तथापि पसंतीक्रम भरण्यापूर्वी विभाग प्रत्यक्ष पाहून यावा. पहिली चौकशी खाटांची करावी. विभागाच्या स्वतःच्या खाटा नसतील, तर निवासी डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात पाठदुखी व गुडघेदुखी पाहण्यातच तीन वर्षे घालवील. मज्जारज्जूचा रुग्ण दाखल झाल्यापासून खुर्चीवर बसून घरी जाईपर्यंत ज्याने पाहिला नाही, तो उद्या विद्यार्थ्यांना काय शिकविणार? अवयव-निर्मितीची कार्यशाळा आवारात आहे काय, मज्जातंतूंच्या व मूत्राशयाच्या तपासण्या विभागात होतात की अन्यत्र पाठविल्या जातात, मेंदूच्या पक्षाघाताची मुले किती येतात, हेही विचारावे. खरी माहिती विभागप्रमुखांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांकडून मिळते, असे आम्हांस वाटते.

प्रबंध प्रत्येकालाच लिहावा लागतो. पण मागील प्रबंधांपैकी किती नियतकालिकांत छापून आले, यावरून मार्गदर्शकाची वृत्ती कळते. पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागत असल्याने याचे मोल पुढे कळून येते. एम.डी. झाल्यावर सहायक प्राध्यापक होण्यासाठी साधारणतः एक वर्षाचे वरिष्ठ निवासी पद आवश्यक असते. डी.एन.बी. पदवीही समकक्ष मानली जाते; मात्र अध्यापनासाठी तिच्या अटी वेळोवेळी बदलल्या असल्याने प्रचलित विनियम स्वतः वाचावेत.

जागांचा प्रश्न बिकट आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या निकषांत हा विभाग महाविद्यालयांना आवश्यक होता. २०२३ मध्ये तो आवश्यक विभागांच्या यादीतून वगळण्यात आला. तज्ज्ञांच्या संघटनेने त्यास विरोध केला, आणि तो रास्तच होता. विभाग नसेल तर पद नाही, पद नसेल तर शिक्षक नाही. केवळ आपल्याच जिल्ह्यात प्राध्यापकपद मिळावे असा आग्रह असणाऱ्याने म्हणूनच आधी सारासार विचार करावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. पुनर्वसन-वैद्यकाचा असा विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात आल्यास ग्रामपंचायतीने गावातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी त्याच्या हाती द्यावी आणि मुख्याध्यापकांनी चालता न येणाऱ्या मुलांना तपासणीस पाठवावे. त्याच्या प्रबंधाचा विषय कदाचित त्या यादीतच सापडेल.