टोमॅटोचा भाव पडलाय? घरची बेगमी करा, पण बरणी बंद करायची घाई नको

नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, आवक वाढली की टोमॅटो कोसळतो. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात शंभरी पार केलेला टोमॅटो सप्टेंबरात मातीमोल झाला होता. वाळवण करून सगळा माल वाचत नाही, पण घरची बेगमी नक्की होते.

टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असतं. त्यामुळे २० किलोच्या कॅरेटमधून एक ते सव्वा किलोच वाळवण निघतं.

पिकलेले पण कडक टोमॅटो घ्या. तडकलेले, डागी नकोत. धुऊन, पुसून अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा, थोडं मीठ लावा. बाजेवर स्वच्छ पातळ कापड टाकून पसरा, वर मच्छरदाणी घाला. रोज उलटा. संध्याकाळी आत घ्या, नाहीतर दवानं पुन्हा ओल धरते. कडक उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. ढगाळ हवेत हे काम काढू नका.

गार झालेली चकती कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे.

वाळवण काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर आतून दमटपणा दिसला तर परत उन्हात घाला. बुरशी दिसली तर सगळंच फेका. तेलात बुडवून ठेवू नका, त्यात विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

कोरडं राहिलं तर झाकण घट्ट लावा, तारीख लिहा, अंधाऱ्या जागी ठेवा. सहा महिने ते वर्षभर टिकतं. आमटीत घालण्याआधी अर्धा तास गरम पाण्यात भिजवा.