संलग्नतेच्या कागदावर ठरणारे मैदान
यवतमाळच्या महाविद्यालयीन खेळाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर संध्याकाळी एकत्र कबड्डीचा सराव करणारी चार मुले डोळ्यांपुढे आणा. एक अमोलकचंद महाविद्यालयात बी.ए. करतो, दुसरा वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो, तिसरा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे आणि चौथा कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयात. शहर एक, मैदान एक. तरीही आंतरविद्यापीठ स्पर्धेत हे चौघे एका संघातून कधीच उतरू शकत नाहीत. पहिला संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा, दुसरा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, तिसरा रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा आणि चौथा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा. पुसदजवळच्या वरुडला दुग्ध तंत्रज्ञान शिकणारा मित्र सोबत असेल, तर तो पाचव्याच विद्यापीठाचा, म्हणजे नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा.

ही विभागणी कोणी खेळाचा विचार करून केलेली नाही. प्रशासन, परीक्षा आणि अभ्यासक्रम यांच्या सोयीसाठी विद्यापीठांची हद्द आखली गेली आणि मैदान तिच्या मागे फरफटत गेले. त्याचा सर्वांत जास्त भार वणी, उमरखेड, पांढरकवडा, दिग्रस, घाटंजी अशा तालुक्याच्या गावांतील लहान महाविद्यालयांवर पडतो. याविषयी पालकांत, विद्यार्थ्यांत आणि संस्थाचालकांतही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : संलग्नता हा परीक्षा आणि पदवीपुरता मामला आहे.

वस्तुस्थिती : खेळाडूचा पुढचा सगळा रस्ता संलग्नतेवर ठरतो. महाविद्यालयाचा संघ आधी आपल्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तिथल्या कामगिरीवरून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. ज्याची निवड झाली तो ‘कलर होल्डर’. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. या विभागात महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा येथील विद्यापीठे असतात. सांघिक खेळांत साधारणपणे प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे दारही याच वाटेवर उघडते. त्या स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाल्या.

या साखळीच्या पहिल्या कडीवर विद्यापीठाचे नाव लिहिलेले असते. ते बदलले की प्रतिस्पर्धी, प्रवास, निवड समिती आणि वेळापत्रक सगळेच बदलते. परीक्षांच्या तारखाही वेगळ्या असल्याने एका विद्यापीठाची सत्र परीक्षा दुसऱ्याच्या स्पर्धेच्या दिवसांत येते आणि एकत्र सराव करणारी मुले पांगतात.

गैरसमज २ : विद्यापीठाचे विभाजन झाले की लहान महाविद्यालयांचे नुकसानच होते.

वस्तुस्थिती : काही बाबतींत फायदा होतो, काहींत तोटा, आणि दोन्ही बाजू सरळ हिशेबाने दाखवता येतात. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये आधी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. आज त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. पुढे २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली नागपूरपासून सुटले.

एका विद्यापीठाला एका खेळात पुरुषांचा एक आणि महिलांचा एक संघ पाठवता येतो. बारा खेळाडूंचा कबड्डी संघ धरला, तर एकाची दोन विद्यापीठे होताच बारा जागांच्या चोवीस जागा होतात. नागपूरच्या बलाढ्य महाविद्यालयांच्या गर्दीत ज्याला कधी संधी मिळाली नसती, अशा गडचिरोलीच्या मुलाला गोंडवानाच्या संघात जागा मिळते. हा फायदा खरा आहे.

तोटा त्यानंतर सुरू होतो. खेळाडूंचा साठा आटतो, तशी संघाची खोली कमी होते. दोन मुले जखमी झाली की त्यांच्या तोडीची पर्यायी मुले सापडत नाहीत. मुंबईतील डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे उदाहरण घ्या. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज या अवघ्या चार महाविद्यालयांवर ते उभे राहिले. अशा ठिकाणी निवड होणे सोपे, पण पाच जिल्ह्यांतून निवडलेल्या संघापुढे टिकणे अवघड. तेव्हा विभाजनाने कलर मिळवणाऱ्यांची संख्या वाढते, पदके मात्र आपोआप वाढत नाहीत.

गैरसमज ३ : जवळ दुसरे विद्यापीठ असेल तर तिकडून खेळता येते.

वस्तुस्थिती : येत नाही. वणीकराला चंद्रपूर जवळ, पण चंद्रपूर गोंडवानाकडे आणि वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय अमरावतीकडे. उमरखेडच्या मुलाला नांदेड जवळ, तिथे १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. पण उमरखेडचे महाविद्यालय अमरावतीला जोडलेले असल्याने त्याला पैनगंगेकडे पाठ करून जिल्हा ओलांडावा लागतो.

खेळाडू ज्या विद्यापीठाचा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी आहे त्याच्याकडूनच खेळू शकतो, आणि एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून. वयाची अट १७ ते २५ वर्षांची आहे. विद्यापीठ बदलायचे तर प्रवेश बदलावा लागतो. वर्षाच्या मध्ये सोयीप्रमाणे संघ बदलण्याची मुभा नाही.

गैरसमज ४ : दोन-तीन लहान महाविद्यालयांनी मिळून एक संघ उतरवावा, म्हणजे प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतंत्र संघ लागतो. पात्रता अर्ज जवळून पाहिला की हे ध्यानात येते. खेळाडूचा फोटो, जन्मतारीख, दहावी-बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, चालू वर्गातील प्रवेशाचा तपशील, खाली शारीरिक शिक्षण संचालकाची सही आणि प्राचार्यांची सही-शिक्का. ही सही म्हणजे ‘हा आमचाच विद्यार्थी आहे’ अशी हमी असते. शेजारच्या महाविद्यालयातला चांगला चढाईपटू त्या यादीत बसवता येत नाही.

मात्र एकत्र सराव करायला कोणाचीही आडकाठी नाही, आणि ही मुभा फारच कमी वापरली जाते. दारव्हा आणि दिग्रसच्या मुलांनी आठवड्यातून दोनदा एकमेकांविरुद्ध सराव सामना खेळला, तर दोन्ही संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत अधिक तयारीने उतरतील. वैयक्तिक खेळांत तर लहान महाविद्यालयाची अडचण आणखी कमी असते. धावपटूला, कुस्तीगिराला किंवा तिरंदाजाला अकरा सोबती शोधावे लागत नाहीत. दोन-चार मुले घेऊन जाणारे महाविद्यालयही विद्यापीठाच्या संघात आपला खेळाडू देऊ शकते. अट एकच, प्रवेशिका वेळेत भरलेली हवी. जे महाविद्यालय स्पर्धेत नावच नोंदवत नाही, त्याच्या गुणी खेळाडूचा निवडीच्या वेळी सहसा विचारच होत नाही.

गैरसमज ५ : लहान महाविद्यालये हरतात, कारण पोरांत दम नाही.

वस्तुस्थिती : दम असतो, पण स्पर्धा समान पायावर होत नाही. उमरखेडहून अमरावतीला सामना असेल तर पहाटेची एसटी धरावी लागते. मुले अर्धा दिवस बसमध्ये आखडून बसतात, उतरताच किट बदलतात आणि मैदानात जातात. स्पर्धा बाद पद्धतीची असली, तर पहिल्या चाळीस मिनिटांतच वर्षभराचा मोसम संपतो. समोर अमरावतीचाच संघ असेल तर तो आदल्या रात्री आपल्या घरी झोपलेला असतो.

दुसरी गोष्ट मैदानाची. विद्यापीठ स्तरावरची कबड्डी मॅटवर होते, तालुक्याच्या महाविद्यालयात सराव मातीवर. मातीवर पाय घसरतो, तो सावरून चपळाई साधण्याची सवय लागलेली असते. मॅटवर बूट चिकटतो, वळताना गुडघ्यावर ताण येतो, पकडीचा अंदाज चुकतो. हा फरक एका दिवसात भरून निघत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. शारीरिक शिक्षण संचालक हे पद रिक्त असेल, तर खेळाचे काम दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त प्रभार’ म्हणून येते. २०१८ साली राज्य शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील ४,७३८ पदे भरण्यास परवानगी दिली. त्यात सहायक प्राध्यापक ३,५८० होते आणि शारीरिक शिक्षण संचालक अवघे १३९. हा आकडा सबंध महाराष्ट्राचा आहे. त्यातून एका जिल्ह्याच्या एका तालुक्याच्या वाट्याला काय येणार, हे वेगळे सांगायला नको.

त्याच विद्यापीठात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ पासूनची परंपरा, शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय, स्वतःची मैदाने आणि प्रशिक्षक तिथे आहेत. या संस्थेचा विदर्भाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण मारेगाव किंवा झरी जामणीच्या मुलांची तुलना तिथल्या खेळाडूंशी करून त्यांना कमी ठरवणे अन्यायाचे आहे.

गैरसमज ६ : संघांची पळवापळवी ही अमेरिकेतली गोष्ट, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती : अमेरिकेत विद्यापीठे आपापल्या गटांत, म्हणजे ‘कॉन्फरन्स’मध्ये खेळतात आणि गट बदलण्याचा निर्णय स्वतः घेतात. दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशासाठी २०२४ मध्ये पॅक-१२ या जुन्या गटातील बारापैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे राहिली. ज्यांचे नाव मोठे त्यांना मागणी आली. उरलेल्यांपुढे प्रतिस्पर्धी कुठून आणायचे आणि उत्पन्न कुठून मिळवायचे, हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहिले.

आपल्याकडे गट महाविद्यालये ठरवत नाहीत, ते शासनाच्या कायद्याने आणि अधिसूचनेने ठरतात. दूरचित्रवाणीचा पैसाही यात नाही. पण ‘मोठ्याकडे ओढा’ इथेही आहे, फक्त इथे महाविद्यालयाऐवजी खेळाडू हलतो. खासगी विद्यापीठे गुणी खेळाडूंना शुल्कमाफी, वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षक देऊन बोलावतात. देशातील सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. २०२३ चा करंडक अमृतसरच्या गुरू नानक देव या शासकीय विद्यापीठाला मिळाला, तर २०२४ चा चंदीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाला. त्या वर्षी दुसरे आलेले लव्हली प्रोफेशनल विद्यापीठही खासगीच.

चांगली सोय मिळते म्हणून बाहेर जाणाऱ्या मुलाला दोष देता येणार नाही. पण शाळेत आणि तालुक्याच्या मैदानावर ज्यांनी त्याला घडवले, त्यांच्या खात्यावर त्या पदकाची नोंद होत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे नवा मुलगा यावा यासाठी लागणारे बळही त्यांना मिळत नाही.

गैरसमज ७ : एकदा कलर मिळाला की शासकीय नोकरीचे आरक्षण पक्के.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याची पात्रता १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने ठरवली. त्यात स्पर्धेचा दर्जा आणि मिळवलेले स्थान पाहिले जाते. विद्यापीठाच्या संघात निवड होणे किंवा नुसता सहभाग एवढ्यावर काम भागत नाही. प्रमाणपत्राची क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. कलर हा सन्मान आहे, नोकरीची हमी नव्हे. ‘कलर मिळव, नोकरी लागते’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या स्पर्धेचा कितवा क्रमांक चालतो, हे त्या शासन निर्णयात स्वतः वाचून घ्यावे.

मग करायचे काय?

खेळाडूने आणि पालकांनी प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारावेत : हे महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे? माझ्या खेळात गेल्या वर्षी प्रवेशिका भरली होती का? शारीरिक शिक्षण संचालक पूर्णवेळ आहेत का? शुल्काच्या पावतीत क्रीडा शुल्क असते, त्यामुळे हे विचारण्याचा पुरता हक्क आहे.

महाविद्यालयांनी तालुका-तालुक्यांत एकत्र सराव सुरू करावा आणि जिल्हा क्रीडा संकुलातील मॅट वापरायला मिळावी म्हणून मिळून अर्ज करावा. विद्यापीठाने प्राथमिक फेऱ्या यवतमाळ, पुसद आणि वणीला आलटून-पालटून भरवाव्यात, म्हणजे प्रवासाचा भार एकाच बाजूवर पडणार नाही. आणि शासनाने यापुढे विद्यापीठाची हद्द किंवा महाविद्यालयाची संलग्नता बदलताना खेळाडूंवर काय परिणाम होईल, हे त्या प्रस्तावात लेखी नोंदवावे. परीक्षांचा विचार होतो, शुल्काचा होतो, मग मैदानाचाही झालाच पाहिजे. यवतमाळच्या मुलांना सवलत नको, बरोबरीने उभे राहण्यापुरती सोय हवी, आणि ती देणे या तिघांच्याही हातात आहे.