सिंधुदुर्ग किल्ल्यातील राण्या

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर. म्हणून चुकले तर सांभाळून घ्यावे.

मालवणात मासळी विकणाऱ्या आमच्या सभासद बायांना घेऊन आम्ही एकदा होडीने सिंधुदुर्गात गेलो. कुरटे बेटावर 1664 साली या किल्ल्याचे काम सुरू झाले. वाटाड्याने बुरूज दाखविले, महाराजांच्या हातापायांचे ठसे दाखविले, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही दाखविल्या. तेव्हा एका वयस्क बाईने विचारले, "ह्या सगळा बापयांचा झाला. बायलमाणसांचा हय काय आसा?" वाटाड्याने तटाबाहेरच्या लहानशा पुळणीकडे बोट केले. ती 'राणीची वेळा'. महाराणी ताराबाई तेथे स्नान करीत, असे सांगतात.

आम्हाला हे खटकले. 1700 साली राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. पुढे सात वर्षे, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी लढा चालविला. अशा बाईची खूण म्हणून दाखवायचे काय, तर स्नानाची जागा!

आणि जिजाबाईंचे तर नावही निघाले नाही. या शिवरायांच्या मातोश्री नव्हेत. करवीरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांच्या राणी. 1731 च्या वारणेच्या तहानंतर सातारा व करवीर ही दोन राज्ये रीतसर वेगळी झाली. सिंधुदुर्ग करवीरचा. 1760 च्या डिसेंबरात संभाजी महाराज निपुत्रिक वारले. करवीरचे राज्य आपल्याकडे ओढण्याचा पेशव्यांचा डाव होता. बाई नमल्या नाहीत. त्यांनी दत्तक घेतला आणि त्याच्या नावाने 1773 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कारभार हाकला.

मालवणच्या आरमाराचा मुंबईच्या इंग्रजांना जाच होता. त्यांनी 1765 साली मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांना धाडून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसेही केले. पण किल्ला ठेवणे परवडेना आणि पाडणेही सोपे नव्हते. 1766 साली जिजाबाईंच्या दरबाराशी तह झाला. व्यापाराला उपद्रव देणार नाही, अशी हमी आणि काही लाख रुपये कबूल करून करवीरने किल्ला परत मिळविला. वाटाघाटीत उभय पक्षांना किती घासाघीस करावी लागते, हे आम्हा युनियनवाल्यांना ठाऊक आहे. एका विधवेच्या दरबाराने कंपनी सरकारकडून किल्ला सोडविला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

हे सारे वाचल्यावर आम्ही युनियनचे रजिस्टर काढले. निम्म्या बायांच्या जागी 'अमक्याची बायको' एवढेच होते, आणि अक्षर आमचेच. मग बाजारात पाटीपाशी बसून एकेकीला नाव विचारले. आडनाव सांगताना काही जणी थांबल्या. माहेरचे सांगू की सासरचे, असे त्यांनी आम्हालाच विचारले.