पायाची भूल मध्यरात्री उतरते तेव्हा

“ऑपरेशनच्या वेळी काहीच कळलं नाही डॉक्टर, पण रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला!” असे रुग्ण सांगतात, तेव्हा भूलतज्ज्ञ म्हणून मला ओशाळल्यासारखे होते. पावलाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही गुडघ्यामागच्या लवणीत, मोठ्या मज्जातंतूभोवती बधिरतेचे औषध सोडतो. रुग्ण जागा राहतो, पाऊल तेवढे बधिर. बहुधा १२ तास किंवा अधिक हा परिणाम टिकतो. म्हणजे सकाळचे इंजेक्शन अनेकदा ऐन रात्री उतरते.

त्याच इंजेक्शनात डेक्समेडेटोमिडीन किंचित मिसळले, तर बधिरता आणखी काही तास लांबते. हे मूळचे गुंगीचे औषध. अमेरिकेत १९९९ साली ते अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी मान्य झाले. मज्जातंतूभोवती देणे हा त्या मान्यतेतला उपयोग नव्हे, हे रुग्णाला सांगायलाच हवे. शिवाय त्याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, डोळे जड होतात. ज्यांची नाडी मुळातच मंद, त्यांना मी ते देत नाही.

तरी भूल कधीतरी उतरणारच. मुंग्या येऊ लागताच, किंबहुना त्याआधीच, डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. दुखण्याची वाट पाहू नये. बधिर पायाला शेक तर मुळीच नको. चटका बसलेला कळत नाही. मधुमेह्यांनी विशेष जपावे. आणि आधाराशिवाय खाटेवरून उतरू नये. पाऊल उचलत नाही हे पुष्कळांना संडासला निघाल्यावरच उमगते.