सागर सम्राट : दर्यात पाय रोवून उभं यंत्र

एक रुपयाची नोट २०१५ मध्ये पुन्हा छापायला घेतली, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभ्या असलेल्या एका यंत्राचं चित्र होतं. त्या यंत्राचं नाव ‘सागर सम्राट’. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात देशाला तेल मिळवून दिलं ते यानेच. आपल्याकडे नोटेवर जागा मिळालेली यंत्रं मोजकीच. पण या यंत्राची आणि त्यावर राबलेल्या माणसांची गोष्ट मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही.

मीरा रोडच्या पेणकरपाड्यात राहणाऱ्याला ही गोष्ट दूरची वाटायचं कारण नाही. महामार्गालगतच्या पंपावर सीएनजीसाठी लागलेली रिक्षांची रांग इथे रोजचीच. मीरा-भाईंदरच्या इमारतींमध्ये नळाने गॅस येतो. शहराला मिळणाऱ्या या वायूत पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्रातल्या वायूचाही वाटा असतो. खाडीपलीकडच्या वसईचं नाव तर एका वायुक्षेत्रालाच मिळालं आहे. १९७६ मध्ये सापडलेलं ‘बसीन’ हे क्षेत्र म्हणजे आपली वसईच.

सागर सम्राट जपानमध्ये, मित्सुबिशी कंपनीच्या हिरोशिमा इथल्या गोदीत बांधलं गेलं. साल १९७३. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध पेटलं आणि तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. बहुतांश तेल बाहेरून आणणाऱ्या भारताची परकीय गंगाजळी आटू लागली. ओएनजीसी या सरकारी तेल संस्थेची स्थापना १९५६ मधली. समुद्राखाली तेल शोधण्याचा तिचा खटाटोप मात्र साठच्या दशकात सुरू झाला. ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत सर्वेक्षण जहाजावरून रशियन आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी खंभातच्या आखाताचा नकाशा तयार केला होता. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली खडकांचा एक प्रचंड उंचवटा त्यांना दिसला. त्यालाच पुढे ‘बॉम्बे हाय’ म्हणू लागले. तिथे खरोखर तेल आहे का, हे मात्र विहीर खोदल्याशिवाय कळणार नव्हतं.

अशी विहीर खोदण्यासाठीच हे यंत्र होतं. या जातीच्या रिगला ‘जॅक-अप’ म्हणतात. तिचं धड तरंगतं असतं आणि पोलादी पाय वर उचललेले असतात. ठरलेल्या जागी आल्यावर पाय खाली सोडतात. ते तळाच्या चिखलात रुतून घट्ट बसले की सगळं धड त्याच पायांवर वर चढतं आणि लाटा पोचणार नाहीत एवढ्या उंचीवर थांबतं. भाईंदरजवळच्या उत्तनचे कोळी डोल जाळं लावण्यासाठी समुद्राच्या तळात खांब रोवतात, त्याच विचाराचं हे अजस्र रूप आहे. बॉम्बे हायला पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर. तेवढ्या खोल पाण्यात पाय रोवायचे आणि वर शेकडो टनांची यंत्रसामग्री आणि माणसांची वस्ती तोलून धरायची.

यानंतर खोदाई सुरू होते. पोलादी नळ्या एकमेकींना जोडत खाली सोडतात आणि टोकाशी बसवलेलं बिट फिरत फिरत खडक फोडतं. नळीतून एक जड, दाट द्रव सतत खाली पंप केला जातो. रिगवर त्याला नुसतं ‘मड’ म्हणतात. हा मड बिटला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालच्या तेल-वायूचा दाब आपल्या वजनाने रोखून धरतो. वर आलेला चुरा धुऊन भूवैज्ञानिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि आपण कोणत्या थरात पोचलो ते ओळखतो. दाब अनपेक्षितपणे उसळला तर विहिरीचं तोंड आवळून बंद करणारी झडपांची रास, म्हणजेच ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’ (बीओपी), हा शेवटचा बंदोबस्त. ड्रिलरची नजर दाबाच्या काट्यावर का खिळलेली असते, हे इतकं समजलं की कळतं. त्या काट्याचं अर्ध्या मिनिटाचं दुर्लक्षही जीवघेणं ठरू शकतं.

जानेवारी १९७४ च्या अखेरीस सागर सम्राटने बॉम्बे हायला पहिली विहीर खोदायला घेतली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. ते चुनखडकाच्या थरात होतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. म्हणजे शोधापासून उत्पादनापर्यंत जेमतेम सव्वादोन वर्षं लागली. भर समुद्रात पूर्वी कधी असं काम न केलेल्या देशासाठी हा वेग थक्क करणारा होता. पुढे समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत तेलाच्या आणि वायूच्या वाहिन्या आल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे क्षेत्र दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल देत होतं.

याच सुमाराच्या ब्रिटनकडे पाहिलं तर एक फरक ठळकपणे जाणवतो. बीबीसीने जुलै १९६५ मध्ये ‘मोगल’ नावाची मालिका सुरू केली. ‘मोगल’ ही एक काल्पनिक तेल कंपनी. तिचे संचालक, अभियंते, हिशेबनीस आणि जगभर जिथे अडेल तिथे धावणारे अधिकारी, ही मालिकेतली माणसं. दुसऱ्या पर्वापासून तिचं नाव ‘द ट्रबलशूटर्स’ झालं. ती १९७२ पर्यंत चालली आणि तिचे १३६ भाग झाले. जेफ्री कीन, फिलिप लॅथम, रे बॅरेट यांच्या भूमिका घरोघरी ओळखीच्या झाल्या. मालिकेचे जनक जॉन एलियट. त्यांनी त्याआधी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्याबरोबर ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही विज्ञानमालिका लिहिली होती. केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू होते ते हेच हॉएल. नारळीकरांनी पुढे मराठीत विज्ञानकथा रुजवली. विज्ञान आणि उद्योग हे गोष्टीचे विषय होऊ शकतात, यावर या साऱ्यांची श्रद्धा होती.

ती मालिका वाऱ्यावरची नव्हती. ती सुरू झाली त्याच वर्षी डिसेंबरात उत्तर समुद्रात ‘सी जेम’ ही रिग कोसळली आणि १३ माणसं गेली. तीही पायांवर उभी असलेली रिग होती आणि जागा बदलण्याच्या तयारीत असताना तिचे पाय निकामी झाले. घरात दिवा लावताना त्यामागे कुणाचा जीव पणाला लागला आहे, याची थोडी तरी जाणीव मालिकेच्या प्रेक्षकाला झाली असणार. बीबीसीने पुढे या मालिकेच्या कितीतरी भागांच्या फिती पुसून टाकल्या. तरी एका पिढीने तेलाचा धंदा कसा चालतो, हे दिवाणखान्यात बसून पाहिलं होतं.

‘द ट्रबलशूटर्स’ जानेवारी १९७२ मध्ये संपली आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. दीड वर्ष होतं न होतं तोच बॉम्बे हायला तेल लागलं. पडदा हाताशी होता आणि कथाही दारात होती, पण त्या दोघांची गाठ पडली नाही. या कथेत काय नव्हतं? चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, असं दोन तुकड्यांत कापलेलं आयुष्य. जुहूहून उडणारं हेलिकॉप्टर. पावसाळ्यात ते उडालं नाही की लांबणारी ड्यूटी. आणि उत्तन-वसईच्या कोळ्यांचा प्रश्नही. ज्या पाण्यात वाडवडिलांनी जाळी टाकली, तिथे आता प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं आणि सर्वेक्षणाच्या काळात मासेमारी अडते. त्यांची नुकसानभरपाईची मागणी रास्त आहे. देशाच्या तेलाची किंमत एकाच समाजाने मोजावी, हे न्यायाला धरून नाही.

शोकांतिकाही याच पाण्यात घडल्या. २६ जुलै २००५ चा महापूर मीरा-भाईंदरपासून कल्याणपर्यंत कुणीच विसरलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी आचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलं आणि बॉम्बे हाय नॉर्थच्या वायुनलिकेवर आदळलं. आग भडकली, काही तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. साडेतीनशेहून अधिक माणसं वाचली, २२ गेली. पुराच्या बातम्यांत ती बातमी बुडाली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक जीव गेले. त्यातले बरेचसे कंत्राटी कामगार होते. तेलक्षेत्राच्या इतिहासात अभियंत्यांइतकीच जागा त्यांची आहे.

सागर सम्राट मात्र अजून कामावर आहे. खोदाईच्या ३२ वर्षांत त्याने सुमारे १२५ विहिरी खोदल्या आणि १४ महत्त्वाच्या शोधांत भाग घेतला. एरवी एवढी जुनी रिग भंगारात जाते. ओएनजीसीने तिचं फिरत्या उत्पादन केंद्रात रूपांतर करायचं ठरवलं. काम रेंगाळलं, वर्षं गेली, पण डिसेंबर २०२२ मध्ये नव्या रूपातला सागर सम्राट मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १४० किलोमीटरवर रुजू झाला. दिवसाला वीस हजार पिंपांपर्यंत तेल हाताळण्याची त्याची क्षमता आहे. एके काळी विहीर खोदणारा आता विहिरींतून आलेलं तेल आणि वायू वेगळे करून किनाऱ्याकडे धाडतो.

यंत्राला दुसरं आयुष्य मिळालं, तसं त्याच्या कथेलाही मिळायला हवं. बॉम्बे हायच्या पहिल्या विहिरीवर ऐन तारुण्यात उभे असलेले लोक आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांनी मड मिसळला, नळ्या जोडल्या, तेल लागल्याची ती फेब्रुवारी पाहिली. उरण-पनवेलच्या महाविद्यालयांनी, आकाशवाणीने आणि मराठी नाटक-मालिका लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं, कोळीवाड्यांत जावं, कंत्राटी कामगारांच्या घरी जावं आणि हे सगळं त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावं. पोलाद दुरुस्त करता येतं. आठवणी मात्र माणसाबरोबरच जातात, म्हणून हे काम याच दशकात व्हायला हवं.