पुण्याला टपाल, नगरला माईक

१९५६च्या फेब्रुवारीत नगर जिल्ह्यातल्या काही गावांमध्ये संध्याकाळी साडेसहाला पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती जमू लागली. वार ठरलेले होते, रविवार आणि गुरुवार. आकाशवाणीचे पुणे केंद्र तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे होते. तिथून अर्धा तास शेतीचा कार्यक्रम लागे. तो संपला की सेट बंद करायचा आणि खरे काम सुरू करायचे. ऐकलेले आपल्या शिवारात जमेल का, यावर गट वाद घाली. चिटणीस चर्चेचा गोषवारा आणि शंका लिहून पुण्याला टपालाने धाडी आणि उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत.

कल्पना मूळची कॅनडातली, १९४१ सालची. युनेस्कोच्या मदतीने ती पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत आजमावली गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली तिची पाहणी केली, तीही पक्की. गट असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना झाली. गटांच्या गावांत शेतकऱ्यांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता सेट ठेवलेली गावे बरीच मागे राहिली. म्हणजे फरक पडला तो यंत्रापेक्षा त्यानंतरच्या बोलण्याने. १९५९मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

माईक मात्र सरकारकडेच राहिला.

तो सुटायला निमित्त झाले क्रिकेटचे! सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचे सरकारशी भांडण जुंपले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९५मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. तरीही दिल्लीला घाई नव्हतीच. २००२च्या सामुदायिक रेडिओच्या धोरणात स्वतःचे केंद्र चालवायला फक्त शिक्षणसंस्थांना दार उघडले. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना २००६च्या नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. त्यानंतर दोनेक वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र सुरू झाले.

नगरमध्ये २०११ साली ‘रेडिओ नगर ९०.४ एफएम’ सुरू केले ते स्नेहालयाने. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही संस्था १९८९पासून शहरातल्या लालबत्ती वस्तीतल्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधितांसाठी काम करत होती. गावात ज्यांच्याविषयी कुजबुजच व्हायची, त्यांच्यात वर्षानुवर्षे वावरलेल्या संस्थेच्या हाती केंद्र येणे, ही मोठीच गोष्ट.

अडचण आहे ती आवाक्याची. सामुदायिक केंद्राला साधारण शंभर वॅटची मर्यादा असते. मनोरा तीस मीटरचा धरला तरी आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की तेवढाही नाही. आणि जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा! शहरातले बोलणे अकोल्याला किंवा जामखेडला ऐकू जायचे नाही. त्या-त्या भागाला आपले केंद्र लागणार आणि प्रत्येक केंद्राला वीजबिल, दुरुस्ती, माणसे आलीच. जाहिरातींच्या मिनिटांवरही बंधन.

त्यात स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, वीज-पाण्याच्या सूचना चालतात. त्या बातम्यांत मोजल्या जात नाहीत. त्यामुळे नळाला पाणी कधी येणार हे केंद्राला सांगता येते. ते का आले नाही, याची बातमी करता येत नाही.