टोमॅटोचे रोप उंचीने नव्हे, खोडाने पारखावे

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव किंवा नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत या टोमॅटोच्या मोठ्या बाजारपेठांच्या परिसरात आता रोपे उघड्या वाफ्याऐवजी शेडनेटखाली, म्हणजे ऊन सौम्य करणाऱ्या जाळीच्या आडोशाला, ट्रेमध्ये वाढवली जातात. या आडोशाच्या बाजूंना इंचभर लांबीत ४० छिद्रे असलेली बारीक जाळी लावतात, कारण पाने आकसवणारा लीफ कर्ल विषाणू पांढरी माशी पसरवते आणि कोवळ्या वयात लागण झालेले झाड खुजे राहून फारसे फळत नाही.

ट्रेच्या कप्प्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून प्रत्येक कप्प्यात सुमारे अर्धा सेंटिमीटर खोलीवर एक बी टोकतात. सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतेत पाच ते आठ दिवसांत अंकुर वर येतात, आणि तेव्हाच ट्रेवर घातलेले आच्छादन काढणे अत्यावश्यक असते. कारण उजेड कमी पडला की कोंब सगळी शक्ती उंची गाठण्यात खर्च करतो, पेशी लांबतात, पण खोडाची जाडी आणि बळकटी मागे राहते. घरातील खिडकीत वाढलेली रोपे काचेकडे झुकून काटकुळी होतात, त्यामागेही हेच कारण असते.

पाण्याचा अतिरेकही तितकाच घातक ठरतो, कारण सतत ओल्या माध्यमात पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांमुळे मर होते, म्हणजे रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. म्हणून सकाळी पाणी देऊन संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकू द्यावा आणि हवा खेळती ठेवावी. वाऱ्याच्या किंवा हलक्या स्पर्शाच्या हेलकाव्याला प्रतिसाद म्हणून रोप बुटके व जाड खोडाचे होते.

लावणीपूर्वी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करून ऊन वाढवत नेणे, याला हार्डनिंग किंवा रोप काटक करणे म्हणतात. त्यामुळे पाने जाडसर होतात आणि शेतातील तापमानाचा धक्का सोसवतो. साधारण २५ ते ३० दिवसांचे, चार-पाच खरी पाने आलेले, पांढऱ्या मुळांनी कप्पा भरलेले रोप लावणीस योग्य असते. टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटत असल्याने ते थोडे खोल लावता येते, परंतु निस्तेज, लांबुडके रोप कितीही खोल लावले तरी त्याचे गेलेले दिवस भरून निघत नाहीत. म्हणून रोपे विकत घेताना उंची पाहून भुलू नये, खोड बोटांत धरून पाहावे.